खालच्या गावावरचं पाणी

४ जानेवारी, रविवार

ताई,

आधीच सांगतो, कुणाला काही झालेलं नाही. पाच वर्षांनी भावाचं पाकीट आलं की माणूस आधी वाईटच धरून चालतो, म्हणून हे पहिल्याच ओळीत. मी धडधाकट आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, तेव्हा कागदाशिवाय इलाज नाही.

एक कामाचा प्रश्न आहे. खेळातला. हसू नकोस.

आपला रविवारचा खेळ अजून चालू आहे. आपल्याच घरी, दुपारी तीन ते सात. सूत्रधार अजून मीच. गोष्ट मी सांगतो, राक्षस मी आणतो, फासा वाईट पडला की शिव्याही मीच खातो. तू शेवटच्या रविवारी तुझ्या मांत्रिकिणीकडून जो मंत्र घालून गेलीस ना, नदी थोपवणारा, तो अजून टिकून आहे. फुटलेल्या धरणाचं पाणी खालच्या गावाच्या डोक्यावर भिंतीसारखं उभं आहे. भिंतीत मासे दिसतात. आणि तिच्या पायथ्याशी दोन हजार माणसं कपडे वाळत घालतायत, भांडतायत, पोरांना शाळेत पाठवतायत.

प्रश्न असा की तो मंत्र किती ताकदीचा होता? तुझ्या पात्राचा कागद तू घेऊन गेलीस, आणि मला आकडा आठवत नाही. आता तो लागणार, कारण डोंगराकडून उतारेवाला येतोय. हा तू गेल्यानंतरचा. दुसऱ्यांनी घातलेले चालू मंत्र उतरवत फिरणं हाच त्याचा धंदा. वीसपैलू फासा टाकायचा, मंत्राच्या ताकदीएवढा किंवा वरचा आकडा पडला की मंत्र उतरला. तुझा आकडा येईपर्यंत मी पंधरा धरतोय. कमी-जास्त असेल तर कळव.

मंडळी तीच. वकीलबाई येतात, त्यांची योद्धी अजूनही तलवार काढण्याआधी शत्रूला दहा मिनिटं समजावते. एक नवी बाई आलीय, दवाखान्यात नर्स आहे, सगळे तिला सिस्टर म्हणतात. आणि कवळीकार येतो. हो, तोही. नखांत गुलाबी मेण घेऊन, दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवून. त्याचा जादूगार दर रविवारी आपली पहिली पाळी तुझा मंत्र राखण्यात घालवतो. पाच वर्षांत एक रविवार चुकलेला नाही. मी फक्त सांगतोय.

फोन वाजतोय. कुठेतरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय आणि आतला माणूस सगळी बटणं एकदम दाबतोय. रविवारीसुद्धा. जातो.

आकडा कळव.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

ताई,

आकडा आला नाही. ठीक आहे.

हे मी एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत बसून लिहितोय. ब्रेकचे पॅड बदललेत, आता लिफ्ट रिकामी वर-खाली पळवून बघायची म्हणजे तासभर नुसतं उभं राहणं. मला नुसतं उभं राहता येत नाही हे तुला माहीत आहे. हत्यारांच्या पेटीवर कागद ठेवलाय, अक्षर थरथरतंय ते मोटरमुळे.

काल सिस्टरनं विचारलं, "हा मंत्र इतका राखायचा म्हणजे नक्की करायचं काय?" मला समजावून सांगायला आवडतं, मी सुरू झालो. म्हटलं, उतारेवाल्याचा घाव नेहमी सगळ्यात वरच्या, सगळ्यात ताज्या मंत्रावर बसतो. म्हणून खऱ्या मंत्रावर फुटकळ मंत्रांची पांघरुणं घालायची. थोडा उजेड, थोडं धुकं, एखादं आपोआप वाजणारं गाणं. तो एकेक पांघरूण ओढत बसतो आणि तेवढा वेळ आपल्याला मिळतो. ही पांघरुणं आठवडाभरच टिकतात, तेव्हा दर खेळाला नवी घालावी लागतात. शिवाय मंत्राचा वासच त्याला लागू नये म्हणून वरून एक झाकण. आणि अगदीच वेळ आली तर कुणीतरी राखणीला उभं राहायचं, त्यानं उतारा उच्चारायला तोंड उघडलं की मध्येच त्याचा शब्द तोडायचा.

सिस्टर शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे इथे न येणाऱ्या बाईच्या मंत्राला एक माणूस पाच वर्षं पांघरूण घालतोय?"

वकीलबाईंचं बिस्किट चहात पडलं. कवळीकाराचे कान लाल झाले.

त्या लाल कानांवरून मी काय समजायचं ते समजलो. तूही समज. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असताना 'मला नाही करायचं' एवढ्या एका वाक्यात तू त्याला सोडून, बदली मागून निघून गेलीस. तरी त्या माणसानं तुझी भिंत पडू दिली नाही. सगळ्यांच्या नशिबात असला माणूस नसतो, एवढंच म्हणतो.

लिफ्ट तळाला धक्का देतेय. अजून घट्ट करावं लागेल.

भाऊ


८ मार्च, रविवार

ताई,

तुझा मंत्र उतरला. आज, साडेपाचच्या सुमारास.

उतारेवाला गावाच्या वेशीशी आला. झाकणाचा उपयोग झाला नाही, त्याला मंत्राचा वास लागलाच. कवळीकारानं तीन पांघरुणं घातली होती. पहिल्या घावाला उजेड गेला, दुसऱ्याला धुकं, तिसऱ्याला गाणं. मग राखणीला सिस्टरची वैदू उभी होती. तिनं फासा टाकला, दोन पडले. शब्द तोडता आला नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खरोखर कुणी दगावल्यासारखं.

मग मी माझ्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला. सूत्रधाराचा फासा कुणी बघत नाही, ही आपली जुनी पद्धत.

"सोळा," मी म्हणालो.

पाणी सुटलं. कसं सुटलं तेही मी सविस्तर सांगितलं. आधी मासे पडले, मग भिंत.

"खरंच सोळा?" कवळीकारानं विचारलं.

"फासा पडला तो पडला."

वकीलबाई म्हणाल्या, "यात अपील नाही?"

"नाही."

कवळीकारानं पेन्सिल डबीत ठेवली, मग खोडरबर, मग फासे एकेक करून. डबीचं झाकण लावलं. चहा तसाच टाकून गेला. त्याच्यामागे सिस्टर गेली. वकीलबाईंनी कप विसळून ठेवले, मला "येते" म्हणाल्या आणि त्याही गेल्या. आता इथे मी आहे आणि चार खुर्च्या आहेत. मगापासून मी त्या आत-बाहेर सरकवतोय.

तू आकडा पाठवला असतास तर कदाचित वाचलं असतं. पंधरा मी अंदाजानं धरले होते. अठरा असते तर वाचलं असतं. दोन पत्रं लिहिली, पोस्टकार्डभर उत्तर द्यायला काय जात होतं? नियम सगळ्यांना सारखे असतात. मी माझं काम केलं.


१३ मार्च

ताई,

सोळा पडले नव्हते. चार पडले होते.

वरचं वाक्य लिहून मी पंख्याची गती कमी केली, मग वाढवली, मग खाली जाऊन आलो. आता सगळं सरळ लिहितो.

खेळाच्या आदल्या दिवशी मी एका लिफ्टच्या तळखड्ड्यात उतरलो होतो. वरून हाक आली, बघतो तर कवळीकार खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसलेला. म्हणाला, "आम्ही मे महिन्यात लग्न करतोय. मी आणि सिस्टर. तुला सगळ्यांत आधी सांगावंसं वाटलं." मी ग्रीसचा हात पॅन्टला पुसून त्याच्याशी हात मिळवला. छान छान म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात नुसता भुंगा. आणि खेळाला बसल्यावर त्यानं नेहमीसारखी तुझ्या मंत्रावर तीन पांघरुणं घातली, शेजारी ती बसलेली असताना. मला वाटलं, हे चालणार नाही. एक तर राख, नाही तर लग्न कर. फाशावर चार दिसत होते आणि माझ्या तोंडून सोळा निघाले. मी त्याला मोकळं करतोय असंही मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

चार दिवस जेवण गेलं नाही. काल त्याच्या कवळ्यांच्या कारखान्यात गेलो. तो कुणाचे तरी वरचे दात चकचकीत करत होता. मशीन बंद न करताच म्हणाला, "बोल."

"सोळा नव्हते पडले."

त्यानं मशीन बंद केलं. "मग किती?"

"चार."

"चार? चार पडलेले असताना तू दोन हजार माणसं बुडवलीस?"

"त्या माणसांचं सोड रे. पाच वर्षं तिची वाट बघत बसलास आणि आता एकदम..."

"कुणाची वाट?"

"ताईची."

दुसऱ्याची कवळी घालून आलेल्या माणसाकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरे बाबा, मी गावासाठी राखत होतो. त्या शाळेचं छप्पर माझ्या जादूगारानं घातलंय. नावाड्याच्या बायकोचं भांडण मी मिटवलंय. मंत्र उतरला तर ती सगळी मरतील, म्हणून राखत होतो. त्यात तुझ्या बहिणीचा काय संबंध?"

"मग तेव्हा कान का लाल झाले?"

"कारण सिस्टरलाही तुझ्यासारखंच वाटतंय की काय, अशी भीती वाटली."

मी उठलो. तो म्हणाला, "बस. आता निघालंच आहे तर सगळं ऐक. ती मला सोडून गेली नाही. नको करूया, असं मी म्हणालो होतो."

बाकीचं तुला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. त्याच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं, आणि मुलानं लग्न मोडलं हे तिच्या कानावर घालायची त्याची हिंमत नव्हती. तू म्हणालीस, मी मोडलं म्हणून सांग. तुझे शब्दही त्याला पाठ आहेत. "मला बोलणारं आहे कोण? एक भाऊ. तो समजून घेईल."

ताई, ते वाक्य ऐकल्यावर मला त्या खोलीत कुठे बघावं ते कळेना. सगळीकडे दातच दात होते.

मी म्हणालो, "पाच वर्षं तू दर रविवारी माझ्यासमोर बसलास."

तो म्हणाला, "तिनं शपथ घातली होती. आई बरी झाली की सांगेन म्हटलं. आई बरी झाली. मग कुणी विचारलं नाही. तूही नाही विचारलंस. आणि गप्प बसणं सोपं होतं, ते मी नाकारत नाही."

त्याला मारायला मी टेबलावरचं हाताला लागेल ते उचललं. ती कुणाची तरी कवळी निघाली. परत ठेवली आणि आलो.


२३ मार्च

ताई,

काल सगळे पुन्हा आले. मीच प्रत्येकाला फोन केला होता. कवळीकार माझ्याकडे न बघता बसला, मीही त्याच्याकडे न बघता. खेळ सुरू व्हायच्या आधी मी उभा राहून सांगितलं की चार पडले होते, मी खोटं बोललो. का बोललो ते सांगितलं नाही. आडोशाचा पुठ्ठा त्यांच्यासमोर फाडला. जाड निघाला, दोनदा फाडावा लागला.

"मग पाणी अजून उभंच आहे म्हणायचं," सिस्टर म्हणाली.

वकीलबाई म्हणाल्या, "खोट्या पुराव्यावरचा निकाल रद्द. पाणी उभं."

कवळीकारानं लगेच पांघरुणांसाठी पेन्सिल उचलली. तेव्हा सिस्टर म्हणाली, "थांब. तो उतारेवाला पुन्हा फासा टाकणार. आज नाही तर पुढच्या खेपेला पंधरा पडतीलच. मंत्र किती राखाल? आधी खालची माणसं हलवू. आमच्याकडे वॉर्डात पाणी शिरलं तर आम्ही आधी पेशंट उचलतो, भिंत नंतर बघतो."

पाच वर्षांत हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. कवळीकार तिच्याकडे असा बघत होता की मला उठून पाणी प्यायला जावं लागलं.

चार तास आम्ही गाव हलवलं. म्हातारी माणसं, गुरं, शाळेची बाकं. वकीलबाईंनी एका हट्टी गिरणीवाल्याला समजावण्यात अर्धा तास घातला आणि फासा न टाकता त्याला पटवलं. उतारेवाल्यानं मध्ये दोनदा घाव घातला, मी फासा सगळ्यांसमोर टाकला, एकदा नऊ, एकदा अकरा. सात वाजता शेवटची गाडी टेकडीवर पोचली. आता पाण्याच्या भिंतीखाली नुसती रिकामी घरं आहेत. ज्यानं घातला त्याला मंत्र कधीही सोडता येतो, फासा लागत नाही. तेव्हा पाण्याचं काय करायचं ते तू सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

आता दुसरं. हे मी तीन पत्रांत टाळलं आणि चौथ्यातही वळसा घालून गेलो.

तू सामान न्यायला आलीस त्या दिवशी मी घरात होतो. बेल तीनदा वाजली. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होतो. तू बाहेरून म्हणालीस, "अरे, निदान माझी पुस्तकं तरी दे." आणि मी आतून ओरडलो की आई असती तर तिनंही तुला दार उघडलं नसतं.

खोटं होतं ते. आईनं आधी दार उघडलं असतं, तुला बसवलं असतं, आणि मग विचारलं असतं. आई-बाबा गेल्यावर आपण दोघंच उरलो होतो आणि मी तुला जिन्यात उभं केलं. कवळीकारावर चिडण्यात माझे दहा दिवस गेले. पण त्यानं दार बंद केलेलं नव्हतं. ते मी केलं.

मला माफ कर. पुस्तकं सगळी आहेत. एकही कुणाला दिलेलं नाही.


९ एप्रिल

ताई,

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला तेव्हा मी समजलो, कुठली तरी सोसायटी असणार. म्हणून "कितवा मजला?" असं विचारलं. तू हसलीस. मग आपण बराच वेळ हवेबद्दल बोललो. तुमच्या वेधशाळेनं सांगितलेला वारा आमच्याकडे आलाच नाही वगैरे. मला सगळं आठवतंय, कारण त्यानंतर मी ते सारखं घोळवतोय.

पाण्याचं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "सोड रे ते. मी तो मंत्र दोन रविवारांपुरता घातला होता. बंधारा बांधून होईपर्यंत. पाच वर्षं धरून बसायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" रविवारी मी हे तुझ्याच शब्दांत सांगितलं. वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी सोडलं. घरं गेली, माणूस एकही नाही. टेकडीवर आता नवं गाव बसवायचंय आणि गिरणी कुठे घालायची यावरून भांडण सुरू झालंय. कवळीकाराशी मी अजून नीट बोलत नाही. पण परवा त्याच्या इमारतीची लिफ्ट बिघडली तेव्हा दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, मीच गेलो.

मग तू फोनवर जे विचारलंस ते. "एक सांग. त्यानं नाही, खरंच मीच मोडलं असतं. काही कारण नाही, मनात आलं म्हणून. तर तू ही पत्रं लिहिली असतीस?"

मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणालीस, "आत्ता नको. घाईत तू काहीतरी गोड बोलशील. विचार कर आणि लिही. आणि उत्तर काहीही असलं तरी पंचवीसला ये, शनिवार आहे. जेवायला मी काही विशेष करणार नाही."

याच्याआधी तीन कागद फाडले. तिन्हींवर 'हो, लिहिली असती' असं होतं.

नसती लिहिली, ताई. तूच मोडलंस असं पाच वर्षं मी मानत होतो आणि पाच वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. जानेवारीत लिहिली ती आकड्याचं निमित्त करून, आणि दुसऱ्या पत्रात तुला टोचून घेतलंच. तुझी चूक नव्हती हे कळलं तेव्हा कुठे मला माफी सुचली. ती तुला पुरत नाही, आणि ते बरोबर आहे. लग्न तुझं होतं. करायचं की मोडायचं, का मोडायचं, हे मला सांगायला तू बांधील नव्हतीस. तू ते नुसत्या लहरीनं मोडलं असतंस तरी पुस्तकं मागायला आलेल्या बहिणीला दार उघडायचं असतं. एवढं कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आता कळून तुझी ती पाच वर्षं परत येणार नाहीत, हेही कळतं.

हे वाचून तुला मी यायला नको असेन तर तसं कळव. कळवलं नाहीस तर पंचवीसला सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो. दोन खोकी पुस्तकं बरोबर आणतोय, बाकीची पुढच्या वेळी.

फक्त एक गोष्ट फोनवर विचारायची लाज वाटली. ही सगळी पत्रं मी तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर टाकली. तो मला तुमच्या खात्याच्या यादीत सापडला होता. तू राहतेस कुठे ते मला माहीत नाही. तेवढा घरचा पत्ता कळव.

तुझा भाऊ